छातीवर खूण नाही

कर्जत
१४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय झिनतबाई,

मी डॉ. निवेदिता टिपणीस. नावावरून ओळख पटणार नाही. मंगळवारी तुमचं पित्ताशयाचं ऑपरेशन व्हायचं होतं, तेव्हा तुमच्या डोक्याशी उभी होते ती, हिरवी टोपी आणि मास्कवाली. भूल द्यायचं काम माझं.

तुम्हाला ऐकू कमी येतं आणि केसपेपरवरच्या नंबरावर तुमचा पुतण्या इद्रिस बोलतो, म्हणून पत्र लिहिते आहे. हे तुमच्याशिवाय कोणी वाचू नये अशी इच्छा आहे.

कर्जत-खालापूरच्या पाच लहान हॉस्पिटलांत मी फिरते. सर्जनचा फोन आला की बॅग उचलायची. पेशंटची आणि माझी पहिली भेट बहुतेक वेळा टेबलापाशीच होते. तुमच्या वेळी माझे सगळे प्रश्न इद्रिसने बाहेरच संपवले होते. "काकीला काय नाय, डॉक्टर. आजवर एक ऑपरेशन नाय. हार्ट एकदम ठणठणीत."

टेबलावर तुमचा हात थरथरत होता. तळवा घामाने ओला. घाबरलेल्या माणसाचे ठोके पळतात, नव्वद, शंभर, एकशेदहा. तुमचा आकडा साठ होता. मी सुई लावली, साठ. आमच्या नर्स इंदूबाईंच्या हातून ट्रे खाली पडला, सगळे दचकले, तुम्हीही दचकलात. पडद्यावर साठ. माणसाचं हृदय इतकं नेमकं चालत नाही.

तुमच्या ईसीजीवर मशीनने छापलं होतं की हृदयातल्या एका वाटेत अडथळा आहे. या वयात तो अनेकांना असतो, म्हणून सगळ्यांनी तो कागद पुढे सरकवला होता. मीसुद्धा. मग मी तुमचा एक्सरे घेऊन खिडकीशी गेले. हृदयाच्या सावलीत, खाली, मोठ्या कॅप्सूलएवढं काहीतरी होतं. परत येऊन तुमची छाती पाहिली. ना व्रण, ना उंचवटा.

मी वर पाहिलं तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. तुम्ही मान हलवलीत. अगदी थोडी, नको अशी.

मी ऑपरेशन थांबवलं आणि बाहेर सांगितलं, घाबरल्यामुळे बीपी वाढलंय. इद्रिस म्हणाला, "काकी आणि घाबरली? शाळेत पोरं तिला घाबरायची!"

झिनतबाई, ते ठोके देणारं यंत्र कधी बसवलं, कुठे, कोणत्या कंपनीचं? कार्ड असेल तर त्यावरचा नंबर कळवा. पित्ताचे खडे थांबणार नाहीत.

आपली,
निवेदिता टिपणीस


खालापूर
२३ नोव्हेंबर २०२४

डॉक्टरीणबाईंना झिनत मुकरीचा सलाम.

तुमचं अक्षर फार वाईट आहे. एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, वाईट अक्षराची सवय आहे, म्हणून वाचू शकले. पोस्टमन पत्र माझ्याच हातात देतो. पेन्शनचा कागद असेल म्हणून घरात कोणी विचारत नाही.

एक्सरेत दिसला तो माझा तावीज. काढायचा राहून गेला होता. आणि साठाचं म्हणाल तर मी आयुष्यभर शाळेच्या घंटेवर जगले, ठोकेही तसेच पडत असतील.

तुम्ही उगीच मनाला लावून घेतलंत. बीपीची गोळी द्या आणि तारीख द्या. मागच्या आठवड्यात दोनदा कळ आली. नाझिया, म्हणजे इद्रिसची बायको, हल्ली माझ्या ताटात तूप वाढत नाही. बिनतुपाच्या भातावर किती दिवस काढायचे?

झिनत


कर्जत
२९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय झिनतबाई,

तावीज मी पाहिला होता. तो चौकोनी आहे आणि वर, गळ्याशी. एक्सरेतली वस्तू लांबट आहे आणि हृदयाच्या आत आहे.

यंत्राची भीती वाटते की ते ज्या मार्गाने घातलं त्याची लाज, मला माहीत नाही. हल्ली हे जांघेतल्या शिरेतून वर नेऊन हृदयात सोडतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. की पुतण्याचा धाक आहे? तसं असेल तर सांगा.

काय होऊ शकलं असतं ते लिहिते. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला सर्जन विजेवर चालणारं एक हत्यार वापरतात. त्या विजेची कुरकुर तुमच्या आतल्या यंत्राला हृदयाच्याच ठोक्यासारखी वाटू शकते. मग ते समजतं, हृदय स्वतः चाललंय, आपली गरज नाही. आणि गप्प बसतं. ज्याचं हृदय त्याच्यावरच अवलंबून आहे, त्याचं हृदयही गप्प बसतं.

जुन्या पद्धतीची यंत्रं खांद्याखाली कातडीच्या आत असतात, हाताला लागतात. त्यांच्यावर बाहेरून मोठं लोहचुंबक ठेवलं की बहुतेक यंत्रं कुरकुरीकडे लक्ष न देता ठरल्या गतीने ठोके देत राहतात. असं चुंबक सतरा वर्षं माझ्या बॅगेत आहे. पण तुमच्यासारख्या लहान यंत्रांतल्या काहींत चुंबक ओळखायची सोयच नसते, तेवढी जागा नसते. मला हे नीट माहीत नव्हतं. असं यंत्र मी कधी हाताळलं नव्हतं, फक्त नाव ऐकलं होतं. त्या दिवशी तुम्ही "पेसमेकर आहे" एवढंच म्हणाला असतात, तर मी छातीवर चुंबक ठेवून निर्धास्त झाले असते. दोन दिवस वाचत बसले, तेव्हा हे कळलं.

ऑपरेशनच्या आधी कंपनीच्या माणसाने येऊन त्याच्या उपकरणाने यंत्राची चाल बदलायला हवी. नंतर पुन्हा होती तशी करायला हवी. त्यासाठी कंपनी कळायला हवी. त्याशिवाय मी तुम्हाला भूल देणार नाही. दुसरं कोणी देईल, आणि त्याला हे दिसणार नाही, ही माझी खरी धास्ती आहे.

निवेदिता टिपणीस


खालापूर
१२ डिसेंबर २०२४

डॉक्टरीणबाई,

इद्रिसचा धाक? त्याला हातच्याची बेरीज मी शिकवली, तीन वर्षं लागली.

तुम्ही स्वतःचं अज्ञान कबूल केलंत. डॉक्टर लोक तसं करत नाहीत. म्हणून खरं लिहिते.

आमच्यात बाई गेली की तिला शेवटची आंघोळ बायकाच घालतात. गुसल म्हणतात त्याला. खालापूर आणि आसपासच्या चार गावांत सव्वीस वर्षं ते मी करते. अंगावर चादर धरून, कोमट पाण्यात बोरीचा पाला घालून, शेवटच्या पाण्यात कापूर. जे दिसतं ते बाहेर बोलायचं नाही, ही त्या कामाची पहिली अट. कोणाच्या पाठीवर काय होतं, कोणाच्या पोटावर काय, सगळं मी माझ्याबरोबर नेणार आहे.

आता ऐका. एरवी, कान गेल्यापासून, मला कोण बोलावतं? बहिऱ्या बाईला लग्नाला, साखरपुड्याला बोलावून माणसं दमतात. एक वाक्य चारदा ओरडायचं, मग मी भलतंच उत्तर देणार, मग पोरं हसणार. मी कोपऱ्यात ताट घेऊन बसते आणि सगळ्यांची तोंडं हलताना बघते. पण मय्यतीच्या खोलीत कोणी बोलत नाही. तिथे मी सगळ्यांच्या बरोबरीची. किंबहुना तिथे सगळ्या माझ्या हाताकडे बघतात.

मागच्या वर्षी, म्हणजे २०२३च्या मे महिन्यात, दोनदा ओट्याशी चक्कर येऊन पडले. मुंब्र्याला मावसबहिणीकडे लग्न आहे सांगून मुंबई गाठली. बहिणीला मात्र सगळं माहीत होतं, तिनेच सही केली. तिथले डॉक्टर म्हणाले, ठोके फार मंद आहेत, यंत्र लागेल. दोन प्रकार दाखवले. मी पाटी पुढे करून विचारलं, अंगावर काय दिसेल? त्यांनी लिहिलं, पहिल्यात छातीवर व्रण आणि उंचवटा, दुसऱ्यात जांघेत एक बारीक ठिपका, तोही जाईल. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. निवृत्तीचं जे होतं ते त्यात गेलं, त्याचं दुःख नाही.

हृदयात मशीन आहे हे कळलं की दुसऱ्या दिवसापासून, "काकी, तुमी बसा." पाण्याच्या बादल्या असतात, अंग कुशीवर वळवायचं असतं. ज्याला एकदा बसा म्हणतात त्याला पुन्हा कोणी उठा म्हणत नाही. आणि मला आंघोळ घालेल तिलाही कळू नये असं मला वाटलं. इतक्या जणींचं बघितलं, आपलं कोणाला दिसू नये.

कार्ड माझ्या कफनाच्या कापडात ठेवलं आहे, तिथे कोणी हात घालत नाही. कंपनीचं नाव आणि नंबर मागच्या पानावर उतरवून दिला आहे. इद्रिसला सांगायचं नाही. सांगितलंत तर ऑपरेशनला येणार नाही, मग काय व्हायचं ते होवो.

एक विचारते. मी गेल्यावर ते आत ठोके देत राहील का?

झिनत मुकरी


कर्जत
१८ डिसेंबर २०२४

प्रिय झिनतबाई,

हो, देत राहील. बॅटरी संपेपर्यंत ते आपलं काम करेल. हृदयाचा स्नायू उत्तर देणार नाही एवढंच. बाहेर कोणाला कळणार नाही आणि जमिनीत त्याचा काही त्रास नाही. आमच्यात दहन असतं, म्हणून तिथे ते आधी काढावं लागतं.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमच्या कामासारखंच माझं काम आहे, हे मला कधी कोणाला सांगता आलं नव्हतं. झोपेत गेलेल्या माणसाचा जबडा मी धरून ठेवते, डोळ्यांवर पट्टी लावते, हात अवघडला तर सरळ करते. शुद्धीवर येताना लोक काय काय बोलतात, तेही तिथेच ठेवते. इतक्या माणसांनी माझा हात धरून डोळे मिटले, आणि बाजारात एकही मला ओळखत नाही. जाग आल्यावर त्यांना सर्जन आठवतो. घरी मी एकटी असते. मिहीर, माझा मुलगा, पुण्याला शिकतो, त्याच्या वडिलांकडे राहतो. रविवारी फोन करतो, बहुतेक रविवारी.

तर मी एक मार्ग काढला आहे. मोहोपाड्याच्या एका हॉस्पिटलात मी जाते. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. सर्जनला सांगावं लागेल, कंपनीच्या माणसाला बोलवावं लागेल. पण तुम्ही शुद्धीत आहात, तुमची सही पुरते. इद्रिसला बाहेर बसवू आणि बीपीचं सांगू. जानेवारीचा पहिला आठवडा धरते. तुमचं गुपित कुठे जाणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
निवेदिता


खालापूर
६ जानेवारी २०२५

प्रिय निवेदिताबाई,

मोहोपाड्याचं रद्द करा.

नाताळच्या सुट्टीत माझ्या फार जवळची एक बाई गेली. चाळीस वर्षांची सोबत. माझ्याशी बोलताना ती कधी ओरडत नसे, माझ्यासमोर बसून सावकाश ओठ हलवायची. सकाळी बोलावणं आलं तशी गेले. पाणी ओतायला नाझियाला नेलं होतं.

आंघोळ घालताना मला तिच्या अंगावर असं काही दिसलं, ज्यावरून कळलं की ती दोन-तीन वर्षं मोठ्या आजारात होती. काय दिसलं ते तुम्हालाही सांगणार नाही. ते सांगायचं नसतंच. पण तिने मला सांगितलं नव्हतं. दर गुरुवारी माझ्यासमोर बसून वाल सोलायची, आणि सांगितलं नव्हतं.

मला तिचा राग आला. मय्यतीवर राग, अल्लाह माफ करो. परक्या बाईला धुतो तसं मी तिला धुतलं, नीट, काही न चुकवता, आणि आतून अगदी परकी होऊन. मनात एकच, तुला मी कोणी वाटले नाही का गं? शेवटच्या पाण्याला माझी कळ उठली. बादली उचलवेना. नाझियाने काही न विचारता ती माझ्या हातातून घेतली, मी खुणेने दाखवलं तसं करत गेली.

घरी येऊन तीन दिवस मी नाझियाकडे बघत होते. उद्या मला आंघोळ घालायला हीच असणार. अंगावर तिला काही दिसणार नाही, मी तशी व्यवस्था करून ठेवली आहे. पण कधीतरी कुठून तरी कळेलच. तेव्हा तीही असंच मनात विचारेल, आणि मी उत्तर द्यायला नसेन.

मी तुमची तिन्ही पत्रं इद्रिससमोर ठेवली. त्याने वाचली, मग एवढा ओरडला की मलासुद्धा स्पष्ट ऐकू आलं. "मुंब्र्याचं लगीन खाऊन आले म्हणालात! बिर्यानीत मीठ कमी होतं तेपण सांगितलंत! काकी, आमी कोन हाव तुमचे?" नाझिया त्याला म्हणाली, "हळू रं, हार्टवाल्या माणसावर ओरडतोस." त्यावर तो रडायलाच लागला. चाळिशीचा बाप्या.

जे व्हायचं होतं ते झालंच. इद्रिसच्या पोटात काही राहत नाही. शुक्रवारपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळलं. काल दुसऱ्या आळीत एक म्हातारी गेली. मी कापूर घेऊन निघाले, तर दारातच दोघी आडव्या आल्या. "काकी, तुमी बसा. आमी बघतो." खुर्ची दिली मला. निवेदिताबाई, मय्यतीच्या घरी मी खुर्चीवर बसले.

आता कर्जतलाच करा. फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि कृपा करून चांगल्या अक्षरात.

झिनत


कर्जत
२४ जानेवारी २०२५

प्रिय झिनतबाई,

गेल्या गुरुवारी तुम्ही झोपेत होतात, तेव्हाचं तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

कंपनीचा माणूस मुंबईहून नऊला आला. तो खूप काही करेल असं मला वाटलं होतं, पण त्याने छातीवर एक तबकडीसारखं उपकरण ठेवलं आणि लॅपटॉपवर बोटं चालवली. साठाचे ऐंशी झाले. आता आतलं यंत्र कोणाचं काही ऐकणार नव्हतं, सरळ ऐंशी ठोके देत राहणार होतं. विजेच्या हत्याराची पट्टी मांडीला लावली, म्हणजे वीज हृदयावरून जाणार नाही. सर्जनना सांगितलं, थोडं थोडं चालवा, सलग नको. तरी काही बिनसलंच तर बाहेरून ठोके देता यावेत म्हणून छातीवर मोठे पॅड चिकटवून ठेवले.

हत्यार चाललं की पडद्यावरची ईसीजीची रेघ विस्कटते, तिच्यावर काही वाचता येत नाही. म्हणून मी तुमच्या बोटाला लावलेल्या चिमट्याची लाट बघत होते, आणि दुसऱ्या हाताने तुमची नाडी धरली होती. एक तास दहा मिनिटं. एकही ठोका चुकला नाही. मग त्या माणसाने यंत्र पुन्हा पहिल्यासारखं केलं, तपासलं, उपकरण आवरलं आणि गेला. काही घडलं नाही. माझ्या कामात काही न घडणं हेच काम, आणि ते कोणाला दाखवता येत नाही.

मी तुम्हाला लपवायला मदत करायला निघाले होते. मला ते प्रेम वाटलं होतं. मी स्वतः इतकी वर्षं कोणाला काही सांगत नाही, म्हणून ते मला सोपं वाटलं असेल. मोहोपाड्याला नेलं असतं आणि नंतर कधी तुम्हाला दुसऱ्या हॉस्पिटलात अचानक न्यावं लागलं असतं, तर तिथे सांगणारं कोणी नसतं. हे मला सुचायला हवं होतं.

अजून एक. लिहू की नको असं झालं. शनिवारी मी वॉर्डात तुम्हाला बघायला आले होते. टोपी नव्हती, मास्क नव्हता, साडी नेसले होते. तुम्ही भाताची पेज पीत होतात. माझ्याकडे बघून हसलात आणि विचारलंत, "कोणाच्या पेशंटकडे आलात?" मी म्हटलं, असंच. तुम्हाला ऐकू आलं नाही. पलीकडच्या खाटेकडे बघत थोडी उभी राहिले आणि गेले.

टाके सुकले का?

निवेदिता


खालापूर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय निवेदिता,

नावापुढचं 'बाई' सोडून दिलं, रागावू नकोस. ती तू होतीस? निळ्या काठाची साडी, कपाळावर मोठी टिकली? मला वाटलं पलीकडच्या पेशंटची सून. अगं, माझ्यासमोर येऊन ओठ हलवायचे ना, सावकाश. एवढी माणसं झोपवतेस आणि एका बहिरीला हाक मारता येत नाही तुला? रमजान दहा दिवसांवर आला. त्याच्या आधी एखाद्या दुपारी ये. दारातच नाव सांग, मोठ्याने. शेजारच्यांना ऐकू गेलं तरी चालेल.

टाके सुकले. तूप सुरू झालं, चमचाभरच. नाझियाच्या हातात चमचा असतो.

तुला कळवायचं ते हे. महिन्याभरात आमच्याकडे दोन मय्यती झाल्या. मला बोलावलं नाही. पहिलीला मी खिडकीत बसून माणसं जाताना बघत होते. एवढी रिकामी दुपार मला आठवत नाही. नोकरी सुटली तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. हात मांडीवर ठेवले तर ते कोणा दुसऱ्याचे वाटत होते. खरं सांगते, त्या दिवशी मला वाटलं की गप्पच राहायला हवं होतं, टेबलावरच काय ते झालं असतं.

दुसरीला, परवा, त्या बायका नाझियाला न्यायला आल्या. ती माझ्याकडे आली, समोर बसली, आणि ओठ सावकाश हलवून म्हणाली, "काकी, जाऊ का?" असं बोलायला तिला मी शिकवलं नव्हतं. मी कापूर काढून दिला. कोणतं पाणी आधी, कोणतं नंतर, चादर कशी धरायची, पाटीवर लिहून दिलं. तिने वाचलं आणि पुसलं.

चार वाजता परत आली. आंघोळ केली, केस ओलेच, माझ्याजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला. मला राहवलं नाही, सव्वीस वर्षांत मी कोणाला विचारू दिलं नाही ते मीच विचारलं. "कशी होती गं? काय दिसलं?"

तिने पाटी ओढली आणि लिहिलं, "काकी, विचारू नका."

मी उठले आणि तिच्यासाठी चहा टाकला.

झिनत